वीतभर चिंधी

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही नवऱ्याने शाळेतून आणली. तो भूगोल शिकवतो म्हणून मी त्याला मास्तर म्हणते. जगातल्या सगळ्या नद्या त्याला पाठ आहेत आणि घरातली साखर सापडत नाही. "भांडणं मनात ठेवण्यापेक्षा लिहून ठेव, निदान तारखा तरी बरोबर येतील," म्हणाला. तर ही तारीख आणि हे आजचं भांडण.

भांडण कात्रीशी. आमची लायब्ररी आम्ही दोघंच सांभाळतो, तो तिकडून आणि मी इथून, समोरासमोर एकदाही भेट नाही. लायब्ररी म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये आयता वापरावा असा कोडचा गठ्ठा. आमच्या गठ्ठ्याचं काम एवढंच की फाईलमधल्या सूचना मशिनपर्यंत न सांडता पोचवायच्या. मशीन कापणारं असो, कोरणारं असो, छापणारं असो. बावीस वर्षं मी हे करतेय. कात्री सहा वर्षांपूर्वी आला. कोड लिहिण्यापेक्षा कापण्यात त्याला जास्त सुख, म्हणून हे नाव. मला ताई म्हणतो आणि माझंच कापतो.

पाचवी आवृत्ती २८ तारखेला बाहेर पडायची आहे. तीत जुन्या कर्नेलना रामराम ठोकायचा असं त्याचं म्हणणं. तीन हजार ओळी केवळ म्हाताऱ्यांच्या सेवेला आहेत, म्हणाला. "ताई, हे कर्नेल आता वापरतंय कोण?"

"वापरत असेल कोणीतरी."

"नाव सांगा."

नाव नव्हतं माझ्याकडे. म्हणून तर एवढा राग आला.

संध्याकाळी आईने विचारलं, कोणावर एवढी धुसफुसतेस? कर्नेलवरून वाद आहे म्हटलं. "तो कोण?" कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी, सांगितलं. प्रोग्रॅमला फाईल हवी, छपाई हवी, काहीही हवं की त्याला हाक मारायची, तो काम करून देतो. नवे कारभारी नव्या हाका ओळखतात, जुन्यांना त्या कळत नाहीत. म्हणून आमचं कोड आधी विचारतं, बाबा रे, तुझा नंबर काय? नंबर म्हणजे त्याचं वयच. नंबर लहान असला की जुन्या हाका मारायच्या, मोठा असला की नव्या.

"आणि तो कात्री म्हणतो म्हाताऱ्यांना हाकच मारायची नाही?"

"तसंच काहीसं."

"मेल्याला आई नाही का?" म्हणाली आणि चष्मा पुसत आत गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

नाव मिळालं!

आमच्या पानावर परवा प्रश्न टाकला होता, जुन्या कर्नेलवर अजून कोण आहे? दोन दिवस शुकशुकाट. आज एकच पत्र आलं, कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेतून. तिथले कारागीर लिहितात:

"मॅडम, आमचं कोरणारं मशीन ज्या कार्डावर चालतं ती कंपनी केव्हाच बंद पडली. ते कार्ड त्याच एका जुन्या कर्नेलशी बोलतं, दुसऱ्याला दाद देत नाही. जानेवारीत आमचा माप घेणारा स्कॅनर कायमचा गेला. नवा आणला, तर त्याच्या प्रोग्रॅमला तुमची पाचवी आवृत्ती लागणार असं त्यांनी कळवलंय. ती आमच्या कर्नेलवर चालली नाही तर पुन्हा प्लास्टरचे साचे आणि कानस. पायाची वाटी, म्हणजे ज्यात उरलेला पाय बसतो तो भाग, मशीन एका दिवसात कोरतं. हाताने मला पाच दिवस लागतात. यादीत एकतीस माणसं थांबली आहेत. त्यात एक टपाल वाटणाऱ्या बाई आहेत, त्या दर सोमवारी फोन करतात. काय उत्तर देऊ?"

पत्र जसंच्या तसं कात्रीला पाठवलं. तासाभराने त्याचं उत्तर: "वाईट वाटलं ताई. पण कोड वाईट वाटण्यावर चालत नाही. २८ ला दुपारी बारापर्यंत पाचवी त्यांच्या मशिनवर नीट चालली तर म्हातारे राहतील. नाही चालली तर माझी कात्री." मान्य केलं. पदर खोचला म्हणतात तसं, पदर नसल्यामुळे स्वेटरच्या बाह्या वर सारल्या.

आईने नेमका आजच मावशीचा विषय काढला. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन चार मार्चला आहे, ती एकटी राहते, आईला महिनाभर तिच्याजवळ जायचंय. आणि एकटीने, आगगाडीने! बारा तासांचा प्रवास, मधे जंक्शनला गाडी बदलायची. "वय काय तुझं?" म्हटलं. "शहात्तर," म्हणाली, जणू मी खरंच विचारत होते. मार्चच्या मध्यावर मी मोकळी होईन, मी गाडीने सोडेन, तोवर मावशीचे शेजारी बघतील, असं ठरवून टाकलं. ती "बरं" म्हणाली. आईचं "बरं" मला नेहमी सोपं वाटतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

माळ्यावरून जुना डेस्कटॉप काढला. झुरळाचं एक खानदान बेघर केलं. त्यावर पायवाल्यांच्या तोडीचा जुना कर्नेल चढवला आणि पाचवी चालवली. एक्केचाळीस चाचण्या नापास. एवढी नापास मुलं मास्तरच्या वर्गातही नसतात.

मास्तर आईला वाचनालयात सोडून आला. वाचनालय साडेबाराला बंद होतं, आई आली अडीचला. कुठे होतीस म्हटलं तर, "बसले होते जरा." पुस्तक हातात नव्हतं. विसरली असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवस नंबरांच्या कोष्टकात डोकं घालून बसले. या नंबरच्या खाली ही हाक नको, त्या नंबरच्या वर ती चालेल. दुपारी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पास! आरोळी मारली तशी आई शिवणाच्या खोलीतून धावत आली, तिला वाटलं शॉक बसला.

पायवाल्यांना पाठवलं. वीस मिनिटांत उत्तर: "मॅडम, प्रोग्रॅम उघडतो आणि लगेच कोसळतो."

आरोळी गिळली.

कपडे धुवायच्या मशिनच्या तळाशी आगगाडीचं एक तिकीट सापडलं, भिजून लगदा झालेलं. इथून पुढच्याच स्टेशनचं. मागे पेन्सिलीने काही लिहिलं होतं, त्यातलं "पायरी" एवढंच वाचता आलं. मास्तरचंच असणार, मुलांची सहल काढायचं चाललंय त्याचं. खिसे तपासत जा, असं त्याला सुनावलं. त्याने "हो हो" म्हटलं आणि ताबडतोब भांडी घासायला घेतली. विचित्रच माणूस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं. कार्डवाल्या कंपनीने तेव्हा कर्नेलमध्ये आपली ढवळाढवळ केली आणि वर स्वतःचा नंबर चिकटवला. भला मोठा. आमचं कोड विचारतं, तुझा नंबर काय? तो सांगतो, मी कालचा जन्मलेला. मग आम्ही आमच्या चार नव्या हाका मारतो. चारपैकी तीन त्याला ठाऊकच नाहीत.

कोष्टकात त्याच्यासाठी एक अपवाद लिहिला. मग लक्षात आलं की त्या कंपनीने असे तीन-चार वेगवेगळे नंबर वाटले होते. आणखी अपवाद. कात्री म्हणाला, "ताई, प्रत्येक म्हाताऱ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवणार का? उद्या पाचवा नंबर निघाला तर?"

बरोबर बोलतो, हाच त्याचा मोठा दोष आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

जेवताना मी कपाळाला हात लावून बसले होते. आईने विचारलं, काय अडलंय? सांगितलं. म्हातारा आपलं वय खोटं सांगतो, मग मी कुठली हाक मारू ते ठरवणार कशावर?

आईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि उरलेल्या वेळात लोकांची शिलाई मशिनं दुरुस्त केली. ती म्हणाली, "तू वय विचारतेसच कशाला? माझ्याकडे मशीन यायचं तेव्हा मी कधी विचारलं नाही किती सालचं. पाटीवर लिहिलेलं असतं एक, आत कोणी बदललेलं असतं भलतंच. मी चिंधी घालायचे. शिवलं तर शिवलं, नाही शिवलं तर त्या मशिनवर ते काम करायचं नाही, दुसऱ्या टाक्याने करायचं. गिऱ्हाइकाच्या कापडावर नाही करायचे प्रयोग."

घास हातातच राहिला. बावीस वर्षं आम्ही कर्नेलचं वय विचारतोय! सरळ हाक मारावी. "माहीत नाही" म्हणाला, तर निमूट जुन्या रस्त्याने जावं. नंबर गेला खड्ड्यात.

आई आत जाऊन बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली. आत सगळ्या चिंध्या. प्रत्येकीला टाचणीने कागद लावलेला, त्यावर पेन्सिलीने: कोणाचं मशीन, कुठली सुई, काय बिघडलं, काय केलं. हा डबा मी लहानपणापासून बघतेय, दोनदा टाकूनही द्यायला निघाले होते. दर वेळी तिने तो गुपचूप परत आत ठेवला.

"मावशीशी बोललीस का?" निघता निघता तिने विचारलं. म्हटलं, आई, आत्ता नको ना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नंबरांचं अख्खं कोष्टक फेकून दिलं. सुरुवातीला चारही हाका एकेकदा मारून बघायच्या, ओळखल्या त्या वापरायच्या. या कामाला कोडमध्ये नाव दिलं चिंधी. दोन हजारांवर ओळी गेल्या. कात्रीला इतकी ओळींची कत्तल माझ्याकडून अपेक्षित नव्हती. "ताई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" विचारत होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चाललं! पायवाल्यांकडे प्रोग्रॅम उघडला, मशीन फिरू लागलं, वाटी कोरली जातेय. त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, घर्र घर्र घर्र. मी तो तीनदा ऐकला, मास्तरला दोनदा ऐकवला. कात्रीने अभिनंदन केलं. आठ दिवस हातात ठेवून जिंकले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कसली जिंकतेय.

सकाळी त्यांचा फोन आला, लिहून नाही, फोनच. आवाज शांत होता, त्यामुळे जास्त घाबरले. "मॅडम, वाटीच्या आत पायऱ्या पडल्यात. दर थराच्या शेवटी बोटभर कोरायचं राहून गेलंय. बाहेरून गुळगुळीत दिसते. आत हात घातला तेव्हा कळलं."

कोणाच्या मापाची होती, विचारलं. मनात ती टपालवाली.

"माझ्याच. डावा. पहिली वाटी दुसऱ्याच्या मापाने कशी कोरणार?"

मला माहीतच नव्हतं. दोन आठवडे मी या माणसाशी कर्नेलबद्दल बोलतेय आणि हा स्वतः एका पायावर उभा राहून उत्तरं देतोय. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. मला मात्र रडू आलं. आत हात घातला नसता तर? उद्या कोणाच्या मांडीला ती पायरी रुतली असती तर? चाललं चाललं म्हणून नाचत होते मी.

दुपारी कारण कळलं. चौथी हाक, फाईलमधला मजकूर थेट मशिनकडे सरकवणारी, त्या कंपनीने नव्या कर्नेलमधून उचलून जुन्यात अर्धवट कलम केली होती. हाक मारली की तो म्हणतो, हो, सगळं सरकवलं. आणि शेवटचा तुकडा गाळतो. "माहीत नाही" म्हणणाऱ्याचं परवडलं, हा होला हो करणारा निघाला.

कात्री चांगला वागला. "ताई, तुम्ही शर्थ केलीत. आता सोडा," म्हणाला. नाही सोडणार. आज शुक्रवार, अट पुढच्या शुक्रवारची आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कोड जमलं नाहीच, वर दुष्काळात तेरावा महिना: आई सकाळी नऊला वाचनालयात म्हणून गेली ती संध्याकाळी पाचला उगवली. लंगडत. आणि चेहरा मात्र असा की बक्षीस मिळालंय. कुठे गेली होतीस म्हटलं, तर "लांब गेले होते जरा." मी चिडले. फोन का नाही उचललास, रस्ता चुकलीस का, आज वार कोणता सांग बघू. वार बरोबर सांगितला, तारीखही, वर माझ्या अटीला किती दिवस उरले तेही.

मास्तरला म्हटलं, आईला विसरायला होतंय, अठ्ठावीस झाली की डॉक्टरांना दाखवायचं. तो म्हणाला, "तिला नाही होत ग विसरायला." मग काय होतंय? तर खिडकीबाहेर बघायला लागला. या घरात मी एकटीच शुद्धीवर आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आई गुडघ्याला शेक देत बसली होती. मी न विचारताच म्हणाली, "चिंधी उलटून बघितलीस का?"

"म्हणजे?"

"वरून टाका सुरेख दिसतो. खालचा दोरा सुटलेला असतो. मशीन शिवलं म्हणतंय म्हणून शिवलं नाही होत. उलटून बघायचं." मग बोटं ताणून दाखवली. "आणि चिंधी वीतभर तरी हवी, मधे दुमड घातलेली. सरळ कापडावर कुठलंही मशीन चालतं. दुमडीवर कळतं."

मी तिचा गालगुच्चा घेतला आणि कॉम्प्युटरकडे पळाले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आता चिंधी अशी: सुरुवातीलाच एक लहानशी खोटी फाईल बनवायची, मुद्दाम अडनिड्या लांबीची, कुठल्याच मापात पूर्ण न बसणारी. ही झाली दुमड. ती चौथ्या हाकेने दुसऱ्या फाईलमध्ये सरकवायची. कर्नेल काय म्हणतो तिकडे लक्ष द्यायचं नाही. दुसरी फाईल उघडून अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. हे झालं उलटणं. एक अक्षर जरी गळालं तरी त्या हाकेचं नाव सोडायचं आणि जुन्या पद्धतीने वाचत-लिहीत जायचं. थोडं हळू, पण पोचतं.

तिन्ही कर्नेलवर चालवलं, माळ्यावरचा जुना, माझा नेहमीचा आणि कात्रीचा कोरा करकरीत. सगळीकडे बरोबर रस्ता निवडला. कात्रीने सगळं वाचलं आणि पहिल्यांदाच एकही ओळ कापायला सांगितली नाही. एवढंच विचारलं, "ही चिंधीची कल्पना तुमची?" आईची म्हणून सांगितलं. म्हणाला, "त्यांचं वय काय?" म्हटलं शहात्तर. "बापरे," म्हणाला. मी म्हटलं, बापरे काय, वयाचा काय संबंध? त्याला झापलाच.

पायवाल्यांना पाठवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर काही नाही. आज दुपारपर्यंत काही नाही. मी तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा गार करून प्यायले.

चार वाजता निरोप: "कोरून झाली. आत हात फिरवला. मग पाय घातला. उभा आहे."

आणखी पाच मिनिटांनी: "अजून उभा आहे."

मास्तर शाळेतून आला तेव्हा आई आणि मी स्वयंपाकघरात एकमेकींना धरून उभ्या होतो, तीही म्हणे काय झालंय ते न कळताच रडत होती. गुडघा दुखत असतानाही उभी होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाराच्या आत, अकरा वाजून दहा मिनिटांनी पाचवी बाहेर पडली. बटण कात्रीने दाबलं. सोबतच्या बदलांच्या यादीत त्याने स्वतः लिहिलं: "ही आवृत्ती कर्नेलचं वय विचारत नाही. काम सांगून बघते आणि झालेलं काम तपासते." मी लिहिलं असतं तर एवढं नेमकं नसतं जमलं.

पायवाले म्हणाले, सोमवारी पहिला नंबर टपालवाल्या बाईंचा. त्यांना फोन करायला लावायचा नाही, सकाळी आपणच करायचा.

उद्या दिवसभर झोपणार आहे. मग आईसाठी डॉक्टरांची वेळ घ्यायची.

१ मार्च, शनिवार

झोपले नाही.

दुपारी आई शांतपणे म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीने मी जातेय. तिकीट काढलंय. मावशीला कळवलंय."

मी सुरू झाले. बारा तास, जंक्शन, गुडघा, विसरभोळेपणा. "आई, तुझं वय—"

एवढंच म्हणाले आणि तिने बिस्किटांचा डबा माझ्यासमोर ठेवला. झाकण उघडलं. वर, चिंध्यांच्या ढिगावर, आगगाडीची पाच तिकिटं, टाचणीने एकत्र लावलेली. पुढचं स्टेशन. पुन्हा पुढचं स्टेशन. तीन स्टेशनं. पाच. शेवटचं बावीस तारखेचं, थेट जंक्शनपर्यंत आणि परत.

"हे काय?"

"उलटून बघ," म्हणाली.

प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने, तिच्या त्या बारीक तिरक्या अक्षरात. "पहिल्याचा लगदा झाला, म्हणून पुन्हा गेले. गाडीची पायरी उंच. गाडीकडे तोंड करून उलटं उतरायचं, दांडा धरून." "पिशवी एकच, खांद्याची. हात मोकळे लागतात." "जिन्याला लोक ढकलतात. सगळे गेल्यावर चढायचं, गाडी सुटायला वेळ असतो." आणि जंक्शनच्या तिकिटामागे: "पूल ओलांडताना गुडघा अडला. बाकावर बसले, एक गाडी जाऊ दिली, पुढच्या गाडीने आले. काही बिघडलं नाही."

मास्तर दारात उभा होता. दर वेळी यानेच तिला स्टेशनवर सोडलं होतं. वाचनालय म्हणे!

मला फार लाज वाटली. एका लोखंडी मशिनसाठी मी महिनाभर जिवाचं रान केलं. हिला मात्र एकदाही विचारलं नाही, जमेल का ग? वय तेवढं विचारलं.

"मला सांगितलं का नाहीस?" एवढंच तोंडातून निघालं.

"तू कामात होतीस," म्हणाली. "आणि गिऱ्हाइकाला चिंध्या दाखवायच्या नसतात. कपडा तयार झाला की दाखवायचा."

डॉक्टरांची वेळ घेतली नाही. पिशवी भरायला बसले, तर तिने ती कालच भरून ठेवलेली.

२ मार्च, रविवार

सकाळी स्टेशनवर मी गेले, मास्तर नाही. गाडी आल्यावर हात पुढे केला तर तिने तो बाजूला केला, दांडा धरला आणि चढली. खिडकीतून म्हणाली, "घरी जा, झोप."

झोप कसली. दिवसभर फोन समोर ठेवून बसले. दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. कात्रीने कशाला तरी निरोप पाठवला होता, त्याला लिहिलं, आज आई प्रवासात आहे, उद्या बोलू. तो म्हणाला, "एकट्याच?" हो म्हटलं. त्याने पुढे वय विचारलं नाही. शिकतोय.

जंक्शनची वेळ सकाळी दहाची. दहा वाजले, साडेदहा वाजले, अकरा. मास्तर नकाशा काढून बसला होता, आता इथे असेल, आता या नदीवर असेल. मी त्याला गप्प बस म्हटलं आणि मग पुन्हा विचारलं, आता कुठे?

संध्याकाळी साडेआठला निरोप आला. पोचायची वेळ सातची होती.

"पोचले. जंक्शनला पूल दुरुस्तीसाठी बंद. स्टेशनमागून रस्ता आहे, विचारत विचारत त्याने गेले. त्यात गाडी चुकली, नंतरच्या गाडीने आले. मावशी दारात उभी होती. तिकीट जपून ठेवलंय, मागे लिहून."

मी मास्तरला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्याने फोन हातात घेऊन पुन्हा वाचली.

बिस्किटांचा डबा टेबलावरच आहे. आई येईपर्यंत तो मी हलवणार नाही.